गिटारच्या पोटातले दुखणे

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी एक खोड ठाऊक आहेच. बिघडलेली वस्तू दिसली की ती उघडून पाहिल्याखेरीज मला चैन पडत नाही. आजवर या पानावर इस्त्री झाली, मिक्सर झाला, पाण्याचा पंप झाला, देवघरातली लुकलुकणारी दिव्यांची माळही झाली. दिवाळी अंकासाठी संपादकांनी "यंदा काहीतरी गोड लिहा" असे कळवले. चकली-अनारशांवर अधिकारवाणीने लिहिणारी मंडळी याच अंकात आहेत. तेव्हा त्यांच्या प्रांतात न शिरता मी कानाला गोड लागणारी वस्तू निवडली आहे. ती म्हणजे विजेवर वाजणारी गिटार.

"गिटारचा आणि आमच्या घराचा काय संबंध?" असे विचारणाऱ्या काकांनी आपल्या नातवाच्या खोलीत एकदा डोकावून पाहावे. आमच्या छत्रपती संभाजीनगरात (२०२३ साली नाव पालटले तरी माझ्या वयाच्या मंडळींची जीभ अजून औरंगाबाद म्हणूनच घसरते) सिडकोतून संध्याकाळी फेरफटका मारला, की एखाद्या तरी गच्चीवरून गिटार शिकणाऱ्या मुलाची चिकाटी आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती यांची जुगलबंदी ऐकू येते. पुढे परीक्षा येतात, गिटार खुंटीला जाते, आणि दोन वर्षांनी खाली काढावी तो ती खरखरते, गुणगुणते किंवा मुळीच बोलत नाही. मग ती "बिघडली" म्हणून पलंगाखाली ढकलली जाते. माझे म्हणणे एवढेच की, ढकलण्यापूर्वी तिचे पोट एकदा उघडून पाहा. आत फारसे काही नसते, आणि जे असते ते आठवीच्या विज्ञानात आपण सर्वांनी शिकलेले असते.

सायकलला पूर्वी डायनामो असे, तो आठवतो ना? चाक फिरले की आतले चुंबक फिरे, शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होई आणि दिवा लागे. वेटोळ्यातील चुंबकीय प्रभाव बदलला की त्यात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. विद्युत गिटार म्हणजे हाच डायनामो, फक्त तो बोटांनी चालतो. तारांखाली एक चपटी डबी बसवलेली असते. तिला पिकअप म्हणतात. तिच्यात चुंबके असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यात स्वतःही थोडी चुंबकित होते. ती थरथरली की वेढ्यांतील चुंबकीय प्रभाव तितक्याच वेळा कमीजास्त होतो आणि तितक्याच कंपनांची अगदी क्षीण वीज बाहेर पडते. जाड तार सेकंदाला ८२ वेळा थरथरते, तर वीजही ८२ वेळा उलटसुलट वाहते. ती अॅम्प्लिफायरमध्ये वाढवली जाते आणि कर्ण्यातून आपल्याला सूर ऐकू येतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे साध्या विद्युत गिटारच्या पोटात बॅटरी नसते आणि घरातली वीजही जात नाही. आत हात घालायला भिण्याचे कारण नाही. दुसरी म्हणजे तारा पोलादाच्याच हव्यात. नुसती पितळी तार कितीही खणखणीत वाजली तरी पिकअपला ती ऐकूच येत नाही.

ही युक्ती प्रथम बाजारात आणली ती अमेरिकेत जॉर्ज बोशां आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी. १९३१ साली त्यांनी नमुना केला आणि १९३२ पासून विक्री सुरू झाली. गोल पोट आणि लांब दांडा यांमुळे त्या वाद्याला लोकांनी "तळणीचा तवा" असेच नाव ठेवले. पेटंट मिळायला मात्र १९३७ साल उजाडले. तो तवा म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. आपल्याकडेही विद्युत गिटार लोकांच्या कानी पडली ती बरीचशी याच रूपात. व्हॅन शिपले यांच्या हवाईयन गिटारवरील चित्रपटगीतांच्या तबकड्या ज्यांच्या घरी होत्या, त्यांना हे वेगळे सांगायला नको. उभी धरून वाजवायची गिटार मुंबईच्या चित्रपटसंगीतात रुजवण्यात गोव्याच्या वादकांचा हात मोठा. "हरे रामा हरे कृष्णा" (१९७१) या चित्रपटानंतर तर गावोगावच्या ऑर्केस्ट्रांना गिटारवाल्यावाचून शोभा येईना. आणि आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो? तोही याच घराण्यातला. जपानमधील नागोया येथे १९१२ साली निघालेल्या "ताइशोगोतो" या कळांच्या वाद्याचा तो वंशज. आपल्या कारागिरांनी त्याच्या तारांखाली पिकअप बसवला आणि ढोल-ताशालाही पुरून उरेल असा आवाज त्याला दिला. रवी जाधव यांनी २०१६ साली त्यावर चित्रपटच काढला. थोडक्यात, हे शास्त्र परके राहिलेले नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो, म्हणजे दुखण्याची परीक्षा कशी करावी ते आपोआप कळेल.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, दिवसा कचेरीत खर्डेघाशी करत आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. मराठवाड्यातील कितीतरी गावांचे मेळे आणि लग्नसमारंभ त्यांनी त्या एका गिटारवर काढले. तीन वर्षांपूर्वी दादा गेले. गिटार काळ्या पेटीत कपाटावर राहिली. यंदा श्रावणात त्यांच्या मुलीने, माझ्या पुतणीने, ती खाली काढली. पोर अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि वडिलांचा हात तिच्या बोटांत उतरला आहे. गणपतीत कॉलनीच्या कार्यक्रमात हीच गिटार वाजवायची असे तिने ठरवले. पण गिटार धड बोलेना. एक पिकअप मुका, आवाजाचे बटण फिरवले की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, आणि वर सतत एक गुणगुण.

शहरातल्या एका दुकानदाराने दोन मिनिटे पाहून निकाल दिला : "आतलं सगळं फेका. नवीन सेट टाकू. लाकूड थोडं कोरावं लागेल." पुतणीला ते पटले होते. तिला हल्लीचे भरदार, दोन वेटोळ्यांचे पिकअप हवे होते. वहिनींनी मात्र पेटीचे झाकण लावले आणि त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, आतलं सगळं बदललं तर मग त्यांचं उरलं काय? नुसती फळीच ना?"

पुतणी म्हणाली, "आई, मुकी ठेवून तरी बाबांचं काय उरणार आहे?"

दोघींचेही बरोबर होते, आणि अशा वेळी घरातल्या काकाची जी गत होते ती माझी झाली. मी म्हटले, "आधी पाहू तर द्या, आत आहे काय ते. मग भांडा."

मागची पट्टी उघडली. वाचकहो, कुठलीही गिटार उघडल्यावर पहिले काम पाना-पक्कड उचलण्याचे नव्हे, तर कागद-पेन्सिल घेण्याचे. कोणत्या रंगाची तार कोठून कोठे जाते त्याचा नकाशा काढावा. हल्ली मोबाईलवर छायाचित्रही काढता येते, पण हाताने काढलेला नकाशा डोक्यात राहतो.

आतला कारभार समजायला शेतातला पाट डोळ्यांपुढे आणावा. आमच्या शहराला हा दाखला परका नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालून नहर खेळवली आणि पाणचक्कीवर पाण्याच्याच जोरावर दगडी जाते फिरत असे. गिटारमध्ये पिकअप म्हणजे झरा. तेथून निघालेला प्रवाह आधी स्विचपाशी येतो. कोणत्या झऱ्याचे पाणी घ्यायचे ते स्विच ठरवतो. मग येते आवाजाचे बटण. हे पोटेन्शिओमीटर, म्हणजे बोलीभाषेतला "पॉट". त्याच्या आत कार्बनची घोड्याच्या नालासारखी पट्टी असते आणि तिच्यावरून एक सरकता काटा फिरतो. दारे धरणारा गडी जसे थोडे पाणी वाफ्याकडे आणि उरलेले ओढ्याकडे सोडतो, तसा हा काटा प्रवाहाची वाटणी करतो. काही भाग बाहेर अॅम्प्लिफायरकडे जातो, उरलेला "ग्राउंड"कडे, म्हणजे प्रवाहाच्या परतीच्या वाटेकडे. दुसरे बटण सुराच्या पोताचे. त्याला एक लहान कपॅसिटर जोडलेला असतो. तो चाळणीचे काम करतो. बारीक, तीक्ष्ण कंपने त्याच्यातून सहज निसटून ग्राउंडला जातात, घोगरी कंपने मागे राहतात. म्हणून ते बटण फिरवले की आवाज मऊ होतो. शेवटी येते केबल खुपसायचे भोक, जॅक. ही पाव इंची पिन एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासाठी निघाली. "नंबर प्लीज" म्हणणाऱ्या बायका गेल्या, पिन राहिली.

बस्स, एवढेच. दोन पिकअप, एक स्विच, दोन पॉट, एक कपॅसिटर आणि एक जॅक. घरातला मिक्सर याहून गुंतागुंतीचा असतो.

आता एकेक लक्षण घेऊ. बटण फिरवताना तडतड होते याचा अर्थ कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली आहे किंवा पट्टी झिजली आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो. तो पॉटच्या फटीत मारून बटण वीसपंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवावे. दादांच्या गिटारचे सुराचे बटण एवढ्यानेच सुधारले. आवाजाचे मात्र सुधारेना. मल्टिमीटर लावला तर काटा फिरवताना मध्येच आकडा उड्या मारी. पट्टी झिजली होती. ऑर्केस्ट्रावाल्याने चाळीस वर्षे जे बटण दर गाण्याला फिरवले ते झिजणारच. नवा पॉट घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एका वेटोळ्याच्या पिकअपला साधारण २५० किलोओहमचा आणि दोन वेटोळ्यांच्या पिकअपला ५०० चा पॉट घालण्याचा प्रघात आहे. आपल्याकडच्या दुकानांत बहुधा २२० आणि ४७० चे मिळतात, त्यांनी काम भागते. दुसरे म्हणजे हल्लीच्या बहुतेक मालावर "ए" किंवा "बी" असे अक्षर असते. आवाजासाठी "ए" घ्यावा. आपला कान आवाजाची वाढ सरळ रेषेत मोजत नाही. "बी" लावला तर आवाज एका टोकाला एकदम उसळतो आणि उरलेले बटण नुसते फिरत राहते.

दुसरे लक्षण गुणगुण. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, भिंतीतल्या तारा या सर्वांची ती गुणगुण पिकअपचे वेटोळे झेलत असते. एका वेटोळ्याच्या पिकअपला हा जन्मजात विकारच आहे. यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी नामी तोड काढली. दोन वेटोळी उलट दिशांनी गुंडाळायची आणि त्यांची चुंबकेही उलटी ठेवायची. बाहेरची गुणगुण दोन्हींत एकमेकींविरुद्ध येऊन मरते, तारेचा सूर मात्र दोन्हींत एकाच दिशेने येतो आणि बेरीज होते. या पिकअपचे पेटंट त्यांना १९५९ साली मिळाले. पुतणीला हवे होते ते हेच.

पण दादांच्या गिटारची गुणगुण जन्मजात विकारापेक्षा जास्त होती. मी तारांवर हात ठेवला, काही फरक नाही. मग केबलच्या पिनेच्या धातूला बोट लावले, गुणगुण तात्काळ उतरली. निदान झाले! निरोगी गिटारमध्ये तारा ज्या धातूच्या घोडीवर टेकतात तिच्याखालून एक तार ग्राउंडला जोडलेली असते. वादकाचे अंग ही गुणगुण गोळा करीत असते, आणि त्याने तारांना हात लावला की ती या तारेवाटे निघून जाते. तारांना हात लावूनही फरक पडत नाही, पण पिनेला लावल्यावर पडतो, म्हणजे घोडीखालची तार तुटली आहे. घोडी उचलली, तार खरोखरच काळी पडून सुटलेली होती. पाच मिनिटांत डाख देऊन झाली.

तिसरे लक्षण मुका पिकअप. त्याची जोडणी सोडवून मल्टिमीटर लावला. चांगल्या पिकअपने सहा किलोओहमच्या आसपास आकडा दाखवला. मुक्याने काहीच दाखवले नाही, म्हणजे वेटोळे कोठेतरी तुटले होते. येथे वाचकांनी थोडा हिशेब करून पाहावा. ही तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, केसाहून बारीक. तिच्या एका मीटरला साधारण ५.४ ओहम रोध असतो. ६००० भागिले ५.४ म्हणजे अकराशे मीटर! बोटभर लांबीच्या त्या डबीत किलोमीटरहून अधिक तार, सात-आठ हजार वेढ्यांत. हिमरू विणणाऱ्या कारागिरानेही तोंडात बोट घालावे असे हे काम.

आमच्या भागात विहिरीवरच्या मोटारी आणि पंखे रिवाइंड करणारी दुकाने पुष्कळ. अशाच एका जुन्या कारागिराकडे मी ती डबी घेऊन गेलो. त्याने चष्मा कपाळावर चढवला, डोळ्याला भिंग लावले आणि म्हणाला, "सर, आमचं काम म्हणजे पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी. ही तार आहे का कोळ्याचं जाळं?"

तरी त्याने डबी खाली ठेवली नाही. बराच वेळ तो ती उजेडात फिरवत राहिला. मग चिमट्याचे टोक एका ठिकाणी टेकवून म्हणाला, "आतलं वाइंडिंग शाबूत वाटतंय. बाहेरचं टोक खाल्लंय इथं. घामानं."

खरेच, वेटोळ्याचे बाहेरचे टोक जेथे खिळ्याला जोडतात तेथे तांब्याला हिरवट बुरशी चढली होती. त्याने वरचे दोन-तीन वेढे सोडवले, टोकावरचे इनॅमल अलगद खरवडले आणि सोल्डरचा मोहरीएवढा थेंब दिला. मल्टिमीटरने आकडा दाखवला : ६.१. पंख्याच्या कॉइलचे घेतो तेवढेच पैसे त्याने घेतले आणि वर सांगितले, "आता यावर मेण सोडा, हवा लागू देऊ नका."

आता घरी निकाल द्यायची वेळ आली. मी दोघींना बसवून सांगितले : गिटारच्या पोटात दोन प्रकारच्या वस्तू असतात. आवाजाचा स्वभाव बहुतांशी पिकअपमध्ये, म्हणजे त्या चुंबकांत आणि वेढ्यांत असतो. ते जिवंत आहेत, ते राहतील. पॉट, जॅक, स्विच, तारा हे कामगार आहेत. ते झिजतात, आणि त्यांना बदलण्यात वाद्याचा अपमान नाही. तबल्याची शाई उतरली तर आपण ती भरून घेतोच. आणि तिसरे, लाकूड कोरायचे नाही. जे काम परत फिरवता येते ते खुशाल करावे, जे येत नाही त्याला दहादा विचार करावा. पुढे हिला दोन वेटोळ्यांचे पिकअप हवेच असतील, तर एकाच्या जागेत मावतील एवढे अरुंदही मिळतात. तेव्हा जुने काढून डबीत ठेवता येतील.

वहिनींनी विचारले, "म्हणजे बदलायचं काय काय?"

"एक पॉट, एक जॅक आणि हातभर वायर," मी म्हणालो.

त्यांनी पेटीचे झाकण उघडले.

डाख देण्याचे काम पुतणीनेच केले, मी नुसता शेजारी बसलो. ज्यांना घरी करायचे आहे त्यांच्यासाठी चार सूचना. सोल्डरिंग आयर्न ४० वॅटच्या आसपासचे असावे. सोल्डर राळ भरलेले घ्यावे, तेजाबाची पेस्ट मुळीच नको, ती पुढे तार खाते. पॉटच्या पाठीला तार जोडायची असेल तर पाठ आधी पॉलिश पेपरने घासावी, म्हणजे कथील चटकन धरते. नाही तर आयर्न टेकवून बसावे लागते आणि आतली कार्बनची पट्टी भाजून निघते. कपॅसिटरवर ४७३ असा आकडा असेल तर तो ०.०४७ मायक्रोफॅरडचा समजावा, २२३ म्हणजे ०.०२२. दादांचा जुना तपासला, चांगला होता, तो तसाच ठेवला. पोकळीच्या आतून तांब्याची चिकट पट्टी लावून ती ग्राउंडला जोडली की गुणगुण आणखी कमी होते. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागदही चालतो, पण त्यावर डाख बसत नाही, जोडणी स्क्रूखाली दाबून करावी लागते. आणि तारा चढवण्यापूर्वी केबल जोडून पिकअपवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवावा. टक्क असा आवाज आला की तो पिकअप जिवंत आहे. काढलेला पॉट आणि जॅक आम्ही फेकले नाहीत. एका पाकिटात घालून, वर तारीख लिहून, पेटीच्या कप्प्यात ठेवले.

येथे लेख संपला असे समजू नका. सर्वांत महत्त्वाचे पुढे आहे.

घोडीखालची तार जोडली म्हणजे काय झाले ते ध्यानात घ्या. वादकाची बोटे तारांवर, तारा ग्राउंडला, ग्राउंड केबलवाटे अॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला. अॅम्प्लिफायर निर्दोष आणि त्याचे अर्थिंग पक्के असेल तर यात काही धोका नाही. पण अर्थिंग नसेल आणि आत बिघाड झाला, तर भिंतीतले २३० व्होल्ट थेट बोटांपर्यंत येऊ शकतात. किंवा समोरचा मायक्रोफोन दुसऱ्या सदोष यंत्राला जोडलेला असेल, तर एक हात तारांवर आणि दुसरा मायक्रोफोनवर गेला की वीज छातीतून जाते. मी घाबरवायला लिहीत नाही. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे "स्टोन द क्रोज" या वाद्यवृंदाचा तरुण गिटारवादक लेस्ली हार्वे भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून दगावला.

म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच मी मांडवात गेलो. अॅम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग होता, पण पुढची लांब वायर दोनच तारांची, आणि तिची उघडी टोके बोर्डाच्या भोकांत आगकाडीने ठोकलेली. मायक्रोफोनच्या जाळीला टेस्टर लावला. आतला दिवा मंद लाल झाला.

मांडवातला पोरगा म्हणाला, "काका, दोन तारांवर सगळं चालतं. आजवर काही झालं नाही."

मी म्हणालो, "झालं असतं तर तू हे सांगायला नसतास."

पुतणी गिटार घेऊन उभी होती आणि वहिनी पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. मी कार्यक्रम थांबवायला लावला. थोडी कुरकुर झाली. कॉलनीतल्या परवानाधारक वायरमनला बोलावले. त्याने मीटरच्या खोलीतून तीन तारांची केबल ओढली, अर्थिंग तपासले आणि मध्ये ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी बसवला. वीज भलत्या वाटेने जमिनीत जाऊ लागली की हा स्विच डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरवठा तोडतो. पुन्हा टेस्टर लावला, दिवा लागला नाही. कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला. अध्यक्ष माझ्यावर अजून थोडे नाराज आहेत.

वाचकांनी एवढे तरी करावे. अॅम्प्लिफायरच्या प्लगची जाड पिन कधी कापू नये. ती काढल्यावर गुणगुण कमी झाली असे सांगणारा मित्र भेटेल, त्याचे ऐकू नये. टेस्टर खिशात ठेवावा. गिटारचे पोट खुशाल उघडावे, पण अॅम्प्लिफायरचे नाही. विशेषतः जुन्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्ट साठून राहिलेले असतात. ते काम जाणकाराचेच.

पुतणीने दोन गाणी वाजवली. पहिले दादांच्या ऑर्केस्ट्रातले, दुसरे तिने स्वतः बसवलेले. पिकअप तेच, वेढे तेच, कपॅसिटरही तोच. माझी खात्री होती की वहिनींना जुना आवाज ओळखू येईल. कार्यक्रम संपल्यावर मी मोठ्या उमेदीने विचारले, "काय वहिनी, दादांचाच आवाज आला ना?"

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नाही भाऊजी. ते तार जरा ओढून सोडायचे. ही सरळ मारते. हा हिचाच आवाज आहे."

मी म्हटले, "मग लावू या का तिला हवे तसले नवे पिकअप?"

"ते तिचं ती ठरवेल," वहिनी म्हणाल्या. "पाकीट तेवढं पेटीत राहू द्या."

तेव्हापासून गिटार कपाटावर नाही, पुतणीच्या खोलीत आहे. दिवाळीची साफसफाई करताना तुमच्याही माळ्यावरून एखादी मुकी गिटार, बेंजो किंवा जुना रेडिओ निघेल. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी मल्टिमीटर लावून पाहा. आत तुटलेली असेल ती बहुधा एखादी हातभर तारच. आणि दिव्यांच्या माळा लावताना आगकाड्या बोर्डात ठोकू नका, त्या निरांजनासाठी ठेवा. सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा.